आकाशातून पडलेली कोंबडी

सरांना लग्नाला बोलवावं की नाही, हा बडोद्यात गोत्रीतल्या त्यांच्या सोसायटीचा कायमचा वादाचा विषय होता. न बोलवावं तर बरं दिसत नाही, आणि बोलवावं तर सर येतात. आले की जेवणाआधी थेट रुखवताच्या टेबलापाशी जायचे. शर्टाच्या खिशातून बोटाएवढी पितळी हातोडी काढायचे, मांडलेल्यातली एखादी समई उचलून कानाशी धरायचे आणि टिंग करून एक ठोका द्यायचे. मग डोळे मिटून, अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "चांदी नाही. जर्मन सिल्व्हर आहे. पण चांगल्या प्रतीचं आहे हं!"

शेवटचं वाक्य त्यांच्या मते कौतुकाचं होतं. ते ऐकून एकदा वधूची आई खुर्चीत मटकन बसली आणि वरपक्षातल्या एका गुजराती पाहुण्यानं मोठ्यानं विचारलं, "आ काका ने कोणे बोलाव्या?" सर मात्र शांतपणे बासुंदीच्या वाटीवर ठोका देऊन बघत होते.

सोसायटीच्या देवळात नवी घंटा आली तेव्हा ट्रस्टींनी पंचधातूची म्हणून तिची पूजा घातली. सर तीर्थप्रसादाला गेले, घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. लोकांना वाटलं, सर श्रद्धाळू झाले. बाहेर येऊन चपला घालता घालता सर म्हणाले, "दोन धातू सापडले. उरलेले तीन ट्रस्टींना विचारा."

असा माणूस माझा पहिला साहेब होता. गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची धातू तपासायची लॅब होती. कारखानदार लोखंडाचा, पितळेचा तुकडा घेऊन यायचे, आम्ही तो तपासून त्यात काय किती आहे याचा रिपोर्ट द्यायचो, आणि खाली सरांची सही असायची. त्या सहीला इस्टेटीत फार मान होता. सरांचे पणजोबा म्हणे बडोदे संस्थानात दप्तरखान्यात होते आणि महाराजांच्या कागदावरसुद्धा खात्री केल्याशिवाय शिक्का उठवत नसत. ही गोष्ट सर वरचेवर सांगायचे. खरी होती की नाही हे मात्र त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

मी नवी लागले तेव्हा लॅबमध्ये मोठं यंत्र आलेलं होतं. तुकडा ठेवायचा, बटण दाबायचं, ठिणगी पडते आणि पडद्यावर आकडे येतात. तुकड्यावर तिळाएवढा काळा डाग राहतो, बाकी काही नाही. तरी सर आधी हातोडीनं ठोका द्यायचे, तुकड्याचा वास घ्यायचे, कधी कधी जीभही लावायचे. "थांब, ऐकून सांगतो," हे त्यांचं पालुपद. ऐकून कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहायचे आणि मग यंत्राचा आकडा बघायचे. दोन्ही जुळले की यंत्राकडे बघून म्हणायचे, "शिकतंय हळूहळू."

ऐकायचे ते फक्त डाव्या कानानं. उजवा कान तरुणपणीच गेला होता. नोकरीच्या सुरुवातीला ते एका कारखान्यात घणाच्या यंत्राशेजारी उभे राहत, घण उजवीकडे होता. त्या कानात ढोल वाजवला तरी त्यांना पत्ता लागला नसता. पण वाया घालवणं सरांच्या स्वभावात नव्हतं. तो कान त्यांनी लॅबच्या मालकांसाठी, म्हणजे शेठसाठी राखून ठेवला होता. एकदा शेठच्या मेहुण्याचा माल नापास झाला. शेठ स्वतः खाली आले आणि गोड आवाजात सांगायला लागले, "साहेब, जरा सांभाळून घ्या, घरचाच माणूस आहे." सरांनी खुर्ची फिरवून उजवा कान पुढे केला आणि पंधरा मिनिटं आदरानं मान हलवली. शेठ खूश होऊन वर गेले. रिपोर्ट नापासच गेला. त्यानंतर सरांची बढती जी थांबली ती थांबलीच. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असेल तर काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला.

तर जगातल्या कोणत्याही धातूचं ऐकल्याशिवाय भलं न बोलणाऱ्या या माणसाच्या गळ्यात, शर्टाच्या आत, काळ्या दोऱ्यात एक धातूचा तुकडा होता, आणि तो त्यांनी तपासलेला नव्हता!

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, काळपट, झिजून गुळगुळीत झालेला. सर म्हणायचे तो गरुड आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ती कोंबडी वाटली आणि मी तसं बोललेही. सरांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. "ज्याच्या त्याच्या पुण्याईप्रमाणे दिसतं," म्हणाले.

तिबेटी लोक अशा तुकड्याला थोकचा म्हणतात. तो सरांना मिळाला आमालाकडून. दर थंडीत बडोद्यात तिबेट्यांचा स्वेटरबाजार लागतो, तिथे कर्नाटकातल्या वसाहतीतून एक बाई यायच्या. त्यांना सगळे आमाला म्हणत, म्हणजे आईसाहेब. एका वर्षी काकूंबरोबर स्वेटर घ्यायला गेलेल्या सरांची नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. बायकांच्या गळ्यातलं निरखून बघणं बरं नव्हे, हे सरांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

"ये तांबा है. साथ में कथिल," सर आपल्या बडोदी हिंदीत म्हणाले.

"लोहा है, साब. आसमान का," आमाला म्हणाल्या. "किसी ने बनाया नहीं. गिरा है."

झालं. त्या दिवशी काकू स्वेटर घेऊन रिक्षानं घरी आल्या आणि सर तीन तासांनी. पुढे दर हिवाळ्यात हा वाद ठरलेला. आमालांचं म्हणणं असं की वीज पडते तेव्हा आकाशातलं लोखंड जमिनीत शिरतं आणि आपणच आकार घेतं, कधी गरुड होतं, कधी माकड. मग पुष्कळ वर्षांनी कुणा गुराख्याला, नांगर धरणाऱ्याला ते सापडतं. शोधायला गेलं तर लपतं. ज्याला मिळतं त्याच्यावरचं संकट ते आपल्या अंगावर घेतं, म्हणून पोरांच्या गळ्यात बांधतात. सरांनी घरी येऊन मिळेल ते वाचून काढलं. पुढच्या वर्षी जाऊन सांगितलं, की काही तुकडे खरंच उल्केचे असतात, पण बहुतेक म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे पट्ट्याचे आकडे, घोड्याच्या साजाचे दागिने, बटणं. कुणी घडवले ते लोक विसरले, म्हणून आकाशाच्या नावावर टाकले.

आमालांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साब, आपने गिरते देखा नहीं, तो नहीं गिरा?"

या प्रश्नावर सर एक अख्खा उन्हाळा विचार करत होते.

मग एका हिवाळ्यात सर तिथे गेले आणि स्टुलावर गप्प बसून राहिले. काकूंच्या पाठीच्या मणक्याचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. आमालांनी विचारलं, "आज झगड़ा नहीं?" सरांनी काय सांगितलं ते सरांनाच ठाऊक. पण आमालांनी गळ्यातला थोकचा काढून त्यांच्या गळ्यात घातला. किंमत विचारली तर रागावल्या. म्हणाल्या, हा विकत नाहीत. ज्याला गरज त्याच्याकडे तो जातो, गरज सरली की पुढे द्यायचा. आणि गिऱ्हाईक ओळखून अटी घातल्या: "घिसना नहीं. तेज़ाब नहीं. आग नहीं." थोडं थांबून, "मशीन भी नहीं."

सरांनी शब्द दिला. ॲसिडच्या टेबलावर काम करायचं असलं की ते थोकचा काढून कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवायचे आणि दर पाच मिनिटांनी मान वळवून बघायचे.

माझा जीव मात्र त्या खिळ्यात अडकलेला. जो माणूस सगळ्या जगाचं पितळ उघडं पाडतो त्याच्या गळ्यातलं पितळ कुणीतरी उघडं पाडायला नको? मी चोवीस वर्षांची होते, आणि त्या वयात अक्कल असते, पण ती वापरायचं सुचत नाही. शेजारच्या गाळ्यात हसमुखभाईंची ओतशाळा होती. वाळूच्या साच्यात काहीही हुबेहूब ओतून देण्यात त्यांचा हात धरणारा इस्टेटीत नव्हता. आमचा बेत ठरला. हुबेहूब नक्कल करायची, ती खिळ्याला लटकवायची आणि तेवढ्या वेळात असली थोकचा यंत्रावर ठेवायचा. मागच्या बाजूला तिळाएवढा डाग, कोण बघतंय?

सोमवारी सर उजव्या कानाला फोन लावून शेठशी बोलत होते, म्हणजे निदान दहा मिनिटांची निश्चिंती होती. तेवढ्यात मी खिळ्यावरचा थोकचा शेजारी नेला, हसमुखभाईंनी तो वाळूत दाबून ठसा घेतला, मी परत आणून लटकवला. पुढचे तीन दिवस हसमुखभाई कामधंदा सोडून कोंबडीच्या मागे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, नक्कल असलीपेक्षा लहान होते. म्हणून त्यांनी ठसा घेताना तुकडा हलकेच हलवून जागा तेवढीच वाढवून ठेवली होती. मग घासून गुळगुळीत केला, कसल्याशा पाण्यात बुडवून काळा केला, तेल आणि राख चोळली, वर दोन दिवस स्वतःच्या गळ्यात घालून घामही मुरवला. दोरासुद्धा जुना शोधला.

गुरुवारी मी खिळ्यावरचा असली घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला, दोन्ही हात पाठीमागे नेले, जादूगारासारखे पुढे आणले आणि मुठी उघडल्या.

"बोल बेन, सरनो कयो?"

मी डाव्या मुठीकडे बोट दाखवलं. हसमुखभाई खो खो हसले. हसता हसता थांबले. एका हाताकडे बघितलं, दुसऱ्या हाताकडे बघितलं.

"चुकलं ना?" मी विचारलं.

"बेन," ते हळू आवाजात म्हणाले, "मने पण खबर नथी."

पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी जे केलं ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. व्हर्नियर लावला, जाडी सारखी. वजन केलं, फरक होता, पण असलीचं वजन आधी करून ठेवायचं कुणाला सुचलं होतं? पाण्यात बुडवून घनता काढली, तीही उन्नीस-बीस. दिवसभर लोकांना 'हा तुमचाच माल, हा नाही' असे रिपोर्ट देणारी आम्ही माणसं, आणि दोन कोंबड्यांपुढे हात टेकले. राहता राहिलं यंत्र. पण यंत्रावर ठेवायचा कोणता? चुकून असली जळला तर?

तेवढ्यात भिंतीपलीकडून सरांची हाक आली. "अगं, कुठे आहेस? खिळ्यावरचा थोकचा पाहिलास?"

मी धावत गेले. सर बॅग घेऊन दारातच उभे होते. हॉस्पिटलमधून फोन आला होता. काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं आणि त्यांना तेव्हाच भरती करायचं होतं. आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं, सर घरचं कधी बोलायचेच नाहीत. "तिच्या हाताला बांधायचाय," म्हणाले आणि तळवा पुढे केला.

माझ्या एप्रनच्या दोन खिशांत दोन कोंबड्या होत्या. खरं सांगायचा एकच क्षण होता आणि मी तो भित्रेपणानं घालवला. उजव्या खिशातली काढून त्यांच्या हातावर ठेवली. सरांनी बघितलंही नाही, मुठीत घट्ट धरली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रासमोर बसून होते. उरलेली कोंबडी तपासली आणि हसमुखभाईंचा धातू निघाला, की मी सुटले. पण नाही निघाला तर? तर काकू टेबलावर असताना त्यांची राखण करणारी वस्तू मीच जाळलेली असेल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण अविश्वासही इतका पक्का नव्हता. मी यंत्र बंद करून घरी गेले.

ऑपरेशन झालं. काकू बऱ्या झाल्या, हिंडूफिरू लागल्या, सरांवर पूर्वीसारख्या ओरडू लागल्या. फक्त डावा पाय थोडा ओढत चालायच्या. डॉक्टर म्हणाले, एवढं राहणारच. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण फरशीवरून त्यांच्या पायाचा तो सर्र आवाज आला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचे. असली माझ्याकडे राहिला असेल, तर हा पाय माझ्यामुळे ओढतोय.

माझ्याकडची कोंबडी टाकवेना, ठेववेना. शेवटी ती मी स्कूटरच्या किल्लीला लावली. वर्षभरात गोरव्याच्या रस्त्यावर माझी स्कूटर ऑइलवरून घसरून ट्रकच्या पुढ्यात गेली. ट्रक हातभर अंतरावर थांबला, मला गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सगळे देवाचे आभार मानत होते. हसमुखभाई तेवढे किल्लीकडे बघून कुजबुजले, "बेन, असली तारी पासेज छे!" त्या माणसाला सांत्वनाची कला अवगत नव्हती.

सर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची मला मिळाली. थोकचा काकूंच्या हातावरून पुन्हा सरांच्या गळ्यात आला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आमालाचे गुडघे गेले होते, त्या आता येत नसत. बाजारात त्यांची मुलगी बसायची. तिला दिवस गेले होते. आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं, ती फार घाबरलेली होती. "गरज सरली की पुढे द्यायचा असतो," सर म्हणाले. "रविवारी स्कूटर घेऊन ये. मला बाजारात सोड."

रविवारी मी गोत्रीला गेले. सर तयार होऊन बसले होते, काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी किल्ली त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. सोमवारचा फोन, वाळू, घाम, मुठी, दोन खिसे, सगळं. काकूंच्या पायाचं बोलायला लागले तेव्हा मला रडू आवरेना.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "हसमुखनं आकसण धरली होती?"

"हो सर."

"शाब्बास," सर म्हणाले.

"सर, दोन्ही देऊन टाकू या तिला. एक तर खरा असेलच."

"वेडी आहेस. एक दिला तर ती राखण झाली. दोन दिले की सॅम्पल झालं. जन्मभर संशय घेत बसेल बिचारी." त्यांनी गळ्यातला थोकचा काढला, माझ्या किल्लीची कोंबडी उचलली आणि खिशातून हातोडी बाहेर काढली. "थांब, ऐकून सांगतो."

एकीला टिंग. दुसरीला टिंग. मग पुन्हा पहिलीला. डोळे मिटलेले.

"हा," सर म्हणाले आणि गळ्यातला वर धरला. "हाच आमालाचा. हिच्या हातावर हाच होता. तुझी ती हसमुखची."

"नक्की, सर?"

"लेखी रिपोर्ट हवाय?"

मी इतकी हलकी झाले की बाजारात जाताना स्कूटर चालवते आहे की तरंगते आहे तेच कळेना. आमालाच्या मुलीनं थोकचा कपाळाला लावला. मग एकदम संशयानं विचारलं, "अंकल, मशीन तो नहीं लगाया ना?" आईनं बरोबर पढवलं होतं. सर म्हणाले, "नहीं, बेटा." तिनं तो गळ्यात घातला आणि दोन्ही हातांनी झाकून धरला. तिचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला. सरांनीही बघितला आणि घाईघाईनं एका मफलरची किंमत विचारायला लागले.

परत आल्यावर सर आत कपडे बदलायला गेले. काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या, पाय ओढत. फाटकाची कडी काढता काढता म्हणाल्या, "कोणत्या कानाशी धरलं होतं गं ह्यांनी?"

मी आठवून बघितलं. हातोडी डाव्या हातात होती, कोंबडी उजव्या हातात.

"उजव्या," मी म्हटलं.

"मलाही तसंच दिसलं," काकू म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पाय डॉक्टरांच्या खात्यात टाक, आणि हळू जा. पुढे सिग्नल आहे."

सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी मी तिथेच उभी होते. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. रुखवतातल्या समईला, देवळातल्या घंटेला, शेठच्या मेहुण्याला ज्यानं सोडलं नाही, त्या माणसानं आयुष्यात एकच रिपोर्ट न तपासता दिला, आणि तो माझ्यासाठी दिला. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया दाटून आली, की चौकात हेल्मेटच्या आत मी हमसाहमशी रडले.

पुढच्या हिवाळ्यात आमालाच्या मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवला. गोबऱ्या गालांची मुलगी, गळ्यात काळा दोरा, आणि गरुड थेट तोंडात. सरांनी फोटो डाव्या, उजव्या बाजूनं निरखला आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर. आधी चव घ्यायची."

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. रिपोर्टांवर माझी सही असते. शेठचे चिरंजीव अधूनमधून खाली येऊन गोड बोलतात, आणि माझे दोन्ही कान शाबूत असल्यामुळे मला ते ऐकावं लागतं. यंत्र जुनं झालं, नवं आलं, पण जागा तीच, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर. रोज सकाळी मी किल्ली कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला अडकवते आणि कामाला लागते. स्कूटर दोनदा बदलली. कोंबडी तीच आहे.